निनावी मॅडोनाला चित्रकाराचं नाव देताना या चुका टाळा

पंधराव्या शतकातली फ्लॉरेन्सची छोटी मॅडोना (बाळ येशूसह मेरीचं चित्र) समोर आली की नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि लगेच नाव सुचतं: लिप्पी, नाहीतर बोत्तिचेल्ली. इथेच फसगत होते. फिलिप्पो लिप्पी आणि पेसेल्लिनो यांच्या रचना गिरवून घरोघरच्या उपासनेसाठी चित्रं बनवणारी मंडळी फ्लॉरेन्समध्येच होती. त्यांच्या चित्रांना आज ‘स्यूडो पिएर फ्रांचेस्को फिओरेंतिनो’ असं कामचलाऊ नाव आहे. तेव्हा रचना जुळली म्हणजे हात जुळला, असं नाही. रंगाखालचं रेखाटन दाखवणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रात रेषेऐवजी ठिपक्यांची रांग दिसली, तर टोचलेल्या कागदावरून रेखाटन उतरवलेलं असतं. अर्थात थोर चित्रकारही ही युक्ती वापरत, त्यामुळे ठिपके दिसताच ‘नक्कल’ म्हणून मोकळं होऊ नका.

निव्वळ शैलीवर विसंबलात तर काय होतं? कला-इतिहासकार बेरेन्सनने 1899 मध्ये ‘अमिको दी सांद्रो’ (सांद्रोचा, म्हणजे बोत्तिचेल्लीचा, मित्र) नावाचा एक अख्खा चित्रकार कल्पून काढला. पुढे त्यानेच तो मोडीत काढला; त्याच्या नावावर घातलेली बरीचशी चित्रं फिलिप्पोचा मुलगा, तरुण फिलिप्पिनो लिप्पी याची ठरली.

म्हणून चित्र ज्या लाकडी फळीवर आहे ती आधी उलटी करा. पॉपलरचं लाकूड आणि रंगाखाली जिप्समचा थर असेल तर इटलीकडे बघा, ओक आणि खडू असेल तर नेदरलँड्सकडे. वाढीच्या वलयांवरून वय काढणं ओकला बरं जमतं, पॉपलरला क्वचितच. शिवाय शेवटचं वलय सांगतं ते एवढंच, की झाड त्याआधी तोडलेलं नाही. किडीचे उघडे चर मागच्या बाजूला दिसले तर फळी नंतर रंधलेली आहे. तेच चर रंगाखाली दिसले तर मात्र सावध व्हा: जुन्या लाकडावर नवं चित्र असू शकतं. लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनातली ‘मॅडोना ऑफ द व्हेइल’ (ओढणीवाली मॅडोना) 1930 मध्ये बोत्तिचेल्लीची म्हणून विकत घेतली गेली होती. तिच्यातले काही रंग अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले निघाले आणि किडीची छिद्रं ड्रिलने पाडलेली.

टायटॅनियम पांढरा सापडला की चित्र बनावट, ही घाई मात्र नको. हा रंग साधारण 1920 च्या आसपास वापरात आला. तो भेगांत उतरलेला किंवा जुन्या वार्निशवर बसलेला असेल, तर ती डागडुजी आहे. नमुना मूळ थरातूनच घ्या. इटलीत बोलोन्यातल्या, कला-इतिहासकार फेदेरिको झेरी यांच्या छायाचित्रसंग्रहात डागडुजीपूर्वीचा फोटो मिळतो का, तेही तपासा. आज ज्या ओठांवरून नाव ठरवताय, ते त्यात वेगळेच असू शकतात.