पाऊण वाजता म्हणजे किती वाजता? प्रोग्रॅमला घरातली मराठी शिकवताना

‘काकू, परवा दुपारी पाऊण वाजता पंचवीस पुरणपोळ्या आणि दीड पाव शेव पाठवा.’

निरोप आत्याच्या फोनवर आला होता. ती इंदूरला राजेंद्रनगरात घरून डबे नि फराळ करून देते. आलेले निरोप वाचून उद्याची यादी काढणारा छोटासा प्रोग्रॅम मी तिला पायथन या संगणकभाषेत लिहून दिला होता. त्या प्रोग्रॅमने ‘परवा’ मागचा धरला, ‘पाऊण’ वगळला आणि ‘दीड पाव’चे दीड नग केले. होऊन गेलेल्या दिवसाची ऑर्डर यादीत कशाला दिसेल? दिसली नाहीच. भर दुपारी गिऱ्हाईक दारात उभं, आणि ओट्यावर दुधीची भाजी. आत्या मला एवढंच म्हणाली, “अरे, तुझ्या यंत्राला मराठी येते का?”

येत नव्हती. पुढचे दोन महिने रविवारी बसून मी ती शिकवली. तुमच्याही घरी, दुकानात, सोसायटीत असा एखादा प्रोग्रॅम असेल तर हे उपयोगी पडेल.

तारखा वाचायचं काम मुळापासून लिहायला घेऊ नका, हे आधी सांगतो. पायथनमध्ये डेटपार्सर नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे कोणालाही वापरता येणारा तयार कोड, आहे. वारांची, महिन्यांची नावं ती युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकासाठी ठरवणाऱ्या संस्थेच्या) सीएलडीआर या सार्वजनिक साठ्यातून घेते. संदिग्ध तारीख पुढची धरायची की मागची, आणि ‘आज’ म्हणजे नेमका कुठला दिवस, हे तिला सेटिंगमधून सांगता येतं. याच कामासाठी फेसबुकने २०१७ साली हास्केल या दुसऱ्या संगणकभाषेत खुली केलेली डकलिंगही आहे. तिच्यात प्रत्येक नियम म्हणजे एक नमुना आणि त्या नमुन्यातून काढायची किंमत. मी डेटपार्सर जशीच्या तशी ठेवली आणि तिच्या अलीकडे आपली एक चाळणी बसवली. निरोप आधी चाळणीतून जातो, घरगुती शब्दांचे साधे आकडे आणि तारखा होतात, उरलेलं लायब्ररी वाचते. लायब्ररीची नवी आवृत्ती आली तरी आपलं काम शाबूत राहतं, हा त्यातला मोठा फायदा.

चाळणीत काय घालायचं ते व्याकरणाच्या पुस्तकातून काढू नका. मी आधी तेच केलं आणि आठवडा घालवला. आत्याच्या फोनवरचे जुने निरोप एका फाइलीत उतरवले तेव्हा खरी भाषा दिसली. सव्वादोनशे निरोप निघाले. ‘आगामी’ एकातही नव्हतं. ‘येत्या गुरुवारी’ होतं, ‘ह्या गुरुवारचं’ होतं, ‘गुरुवारपर्यंत’ होतं आणि एका मुलाचं ‘गुरुवारला’सुद्धा होतं. वाराला चिकटलेले हे प्रत्यय आधी सोडवा, पण टाकून देऊ नका. ‘गुरुवारी’ म्हणजे त्या दिवशी आणि ‘गुरुवारपर्यंत’ म्हणजे उशिरात उशिरा. ‘गुरुवारनंतर’ असेल तर गुरुवार सोडूनच. स्वयंपाकघरात या तिन्हींचा अर्थ फार वेगळा.

आता अक्षरांची साफसफाई. हे कंटाळवाणं आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट. ‘दुसऱ्या दिवशी’ हे दोन शब्द घ्या. यातलं अर्ध ऱ कोणी युनिकोडच्या स्वतंत्र ऱ ने लिहितं, कोणी साध्या र ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन, तर कोणाचा कीबोर्ड र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असं लिहितो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, संगणकाला हे तीन निरनिराळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाण रूप लावलं की पहिले दोन एक होतात. तिसरं होत नाही. जोडचिन्हाचा तो तुकडा शोधून स्वतः बदलावा लागतो. देवनागरी आकड्यांची मात्र चिंता नको, ‘५’ला पायथन निमूटपणे पाच मानतो.

दुसरा खड्डा शब्दाच्या कडेचा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) शब्दाची कड ओळखणारं चिन्ह काना-मात्रांना अक्षर मानतच नाही. त्याच्या लेखी ‘साडे’ हा शब्द स पाशीच संपतो. एक संध्याकाळ डोकं धरून बसल्यावर हे माझ्या लक्षात आलं. उपाय सोपा आहे: वेगळं मिळणारं रेजेक्स मॉड्यूल घ्या, त्याला मात्रा कळतात. आणि यादीतले शब्द लांबीप्रमाणे लावा, लांबडा आधी. नाहीतर ‘पावणेतीन’मधला ‘पाव’ आधी पकडला जातो, ‘पावभाजी’तलाही.

अपूर्णांकांत मराठी बाई हिशेबाला फार चोख आहे. साडे म्हणजे पुढच्या आकड्यात अर्धा मिळवा, सव्वा म्हणजे पाव मिळवा, पावणे म्हणजे पाव वजा करा. मागाहून शे, हजार, लाख आले तर त्यांनी गुणा. पावणेतीनशे म्हणजे २७५, साडेतीन हजार म्हणजे ३५००. साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच. एकटे येणारे शब्द वेगळ्या तक्त्यात ठेवा: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. यातल्या ‘पाव’चं आणखी एक आहे. तो आकडाही आहे आणि मापही. ‘दीड पाव शेव’ म्हणजे दीड गुणिले २५० ग्रॅम, ३७५ ग्रॅम. म्हणून पावच्या आधी आकडा असेल तर तो माप, मागाहून किलो असेल तर आकडा. ‘पाव-पाव किलोची चार पाकिटं’ आलं की तोच शब्द दोनदा म्हणजे प्रत्येकी, बेरीज करायची नाही. आणि ‘दहा-बारा पोळ्या’ म्हणजे अंदाज. मी तिथे मोठा आकडा घेतो, आत्याही तेच करते. हेच कोणी ‘२-३ डबे’ असं लिहिलं तर तारीख वाचणाऱ्याकडे जाऊ देऊ नका. माझ्याकडे त्याचा २ मार्च झाला होता.

तोच तक्ता घड्याळाला लावला की गंमत होते. सव्वा वाजता म्हणजे १:१५, अडीच वाजता म्हणजे २:३०, इथवर सरळ आहे. पाऊण वाजता म्हणजे ०:४५, म्हणजे शून्याचा तास. घड्याळात शून्य नाही, तिथे बारा आहेत, म्हणून दुपारी पाऊण म्हणजे १२:४५. ‘पाऊण तासात’ आलं तर मात्र ४५ मिनिटं. शेपटीला ‘वाजता’ आहे की ‘तास’ हे पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नका. रात्रीच्या वेळा निराळ्या. ‘शनिवारी रात्री एकला सराफ्यातून येताना घेऊन जाऊ’ असा निरोप आमच्याकडे खरंच आला आहे, कारण इंदूरचा सराफा बाजार दागिन्यांची दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली होऊन जागा होतो. कॅलेंडरप्रमाणे तो रविवार. रात्री बारा ते तीन असेल तर तारीख एकाने पुढे न्या. (आत्याने ती ऑर्डर घेतली नाही. “एक वाजता दार कोण उघडणार?”)

सकाळ-संध्याकाळ न लिहिता नुसतं ‘सातला’ लिहिणारे बरेच. तिथे भाषा मदत करत नाही, धंदा करतो. आत्या सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत माल देते. सात म्हणजे संध्याकाळचे. साडेआठ दोन्हीकडे बसतात, तिथे प्रोग्रॅमने अंदाज न करता विचारावं.

आता ‘परवा’. मागचाही तोच, पुढचाही तोच. मागेपुढे तिसऱ्या दिवसाचा ‘तेरवा’ही तसाच. त्यात इंदूरच्या मराठी घरांत हिंदी मिसळलेली. ‘कल सकाळी’ लिहिणाऱ्याला उद्या म्हणायचं असतं की काल, की त्याच्याकडून ‘काल’चा काना राहिला? लायब्ररीला ‘नेहमी पुढची तारीख धर’ असं सांगून मी सुरुवातीला सुटका करून घेतली. मग हा निरोप आला: ‘परवा घेतले होते तसेच लाडू परवा पाठवा.’

सुटका आपल्याच वाक्यरचनेत होती. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘परवा’पासून उजवीकडे चालत जा आणि भेटेल ते पहिलं क्रियापद पाहा. पहिल्या ‘परवा’ला ‘घेतले होते’ भेटतं, तो मागचा. दुसऱ्याला ‘पाठवा’, तो पुढचा. दोन छोट्या याद्या पुरतात. होता, होती, होते, दिलं, आलं, घेतलं एकीत. पाठवा, द्या, हवं, पाहिजे, लागतील, येणार दुसरीत. ‘परवासाठी’ पुढचाच आणि ‘परवाच’ बहुधा मागचा, हे दोन नियम मी नंतर जोडले. ‘काल-परवा’ आणि ‘उद्या-परवा’ हे जोडशब्द आधीच बाजूला काढा, त्यांना नेमकी तारीख नसते. ‘कल’लाही हाच नियम लावला, पुष्कळ वेळा बरोबर येतो.

रोमन लिपीतल्या मराठीला मी फार वेळ दिला नाही. निरोपांत दिसलेली स्पेलिंगं तेवढी तक्त्यात घातली.

सणांचे शब्द मात्र आत्याच्या धंद्याचा कणा आहेत. तिथी मोजणारं गणित मी लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून वर्षाची यादी उतरवायला अर्धा तास लागतो. फक्त शब्द आपल्या गावाचे घ्या. आमच्याकडे ‘गेरच्या दिवशी’ म्हणजे रंगपंचमी, राजवाड्यासमोरून रंगांची मिरवणूक निघते तो दिवस. २०२५ साली तो १९ मार्चला होता. ‘झांकीच्या रात्री’ म्हणजे अनंत चतुर्दशी. कापडगिरण्या कधीच बंद पडल्या, त्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, आणि त्या रात्रीसाठी शंभर-सव्वाशे बटाटेवड्यांची ऑर्डर ठरलेली.

श्रावणाने मला खरा हात दाखवला. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाला नाव वेगळं. त्यामुळे शेजारच्या हिंदी घरांत २०२५चा सावन ११ जुलैला लागला आणि आमचा श्रावण २५ जुलैला. ‘पहिल्या सोमवारी साबुदाणा खिचडी’ असं देशपांड्यांकडून आलं तर २८ जुलै, शर्मांकडून आलं तर १४ जुलै. शब्द तेच, तारखेत पंधरवड्याचा फरक. मी गिऱ्हाइकाच्या नोंदीत ‘पंचांग’ नावाचा एक रकाना वाढवला. आत्या एकेकाचं नाव वाचून पटापट सांगत गेली, एका घरापाशी थांबली. “सून मराठी आहे, सासू मालव्यातली. त्यांना फोनच करावा लागेल.” त्या रकान्यात मी ‘विचारा’ लिहिलं.

काही शब्द वेळेसारखे दिसतात आणि वेळ नसतात, त्यांची एक नकार-यादी करा. ‘साडेसाती’ म्हणजे साडेसात वाजता नव्हे. ‘बारशाचे पेढे’ मधल्या बाराशी घड्याळाचा संबंध नाही. आणि ‘बाबांच्या तेराव्याचा स्वयंपाक’ हा निरोप माझ्या प्रोग्रॅमने १३ तारखेला टाकला होता. तो ‘तेरावा’ आणि वरचा ‘तेरवा’ यांत एका कान्याचं अंतर आहे. असे निरोप प्रोग्रॅमने स्वतः वाचूच नयेत, सरळ आत्यापुढे ठेवावेत असं मी ठरवलं. त्या घरी ती तशीही आधी भेटून येते.

चाचणीसाठी त्याच सव्वादोनशे निरोपांसमोर बरोबर उत्तरं लिहून ठेवा आणि ‘आज’ एका ठरलेल्या तारखेला बांधून टाका. नाहीतर सोमवारी पास होणारी चाचणी मंगळवारी नापास होते आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता. नवा नियम घातला की सगळी फाइल पुन्हा चालवा. ‘दहा-बारा’चा नियम घातला त्या दिवशी माझे सात जुने निरोप बिघडले होते.

उत्तर देताना प्रोग्रॅमला तीन वाटा ठेवा: कळलं, कळलं नाही, आणि दोन अर्थ निघतात. तिसऱ्या वाटेला दोन्ही अर्थ लिहून दाखवा, एकही निवडू नका. गेल्या महिन्यात आलेला निरोप असा होता: ‘उद्या पावणे आठ येणार, पुरणपोळ्या सोळा.’

पडद्यावर दोन ओळी उमटल्या: ७:४५ला सोळा पोळ्या, किंवा आठ पाहुणे आणि वेळ सांगितलेली नाही. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही ओळी वाचल्या आणि हसत फोन उचलला. “काय गं, माणसं आठ की वाजले आठ?”

माणसं होती. वेळ दुपारी पाऊणची निघाली.