लिंक धरते, सुटते, पुन्हा धरते: आधी दोन टोकांचं बोलणं वाचा

चवथीच्या आठवडाभर आधी फोंड्यात माझ्या टेबलावर आठ पोर्टांचा ईथरनेट (तारेच्या नेटवर्कचा) स्विच-बोर्ड होता. त्याचा ड्रायव्हर मी लिहीत होतो. सात पोर्ट व्यवस्थित चालायचे, पाचव्याची लिंक मात्र यायची नि जायची. दोन दिवस कोड उकरला. शेवटी केबलचं टोक उजेडात धरलं, तर सातव्या-आठव्या पिनेवर हिरवट डाग. केबल समुद्राकाठच्या एका साइटवरून आलेली, तिथला पावसाळा तिने खाल्लेला.

याचं कारण ऑटो-निगोशिएशनमध्ये, म्हणजे वेग ठरवायला दोन टोकं आपसात करतात त्या बोलण्यात आहे. केबल जोडली की दोन्ही टोकं सुमारे १६ मिलिसेकंदांनी एकेक स्पंदांचा झुबका पाठवतात. त्यात १६ बिटांचा शब्द असतो: मला कोणता वेग जमतो, डुप्लेक्स कोणता (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने). दोघांना जमणारं सर्वांत वरचं ठरतं. हे बोलणं १-२ आणि ३-६ या पिनांच्या दोनच जोड्यांवर होतं, गिगाबिटला (१००० मेगाबिट वेगाला) मात्र चारही जोड्या लागतात. म्हणून ७-८ ची जोडी खराब असली तर गिगाबिट ठरतो, पण लिंक उभी राहत नाही, आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून. काही फाय चिप (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिप) थोड्या प्रयत्नांनंतर स्वतःच १०० मेगाबिटवर उतरतात.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे खात्रीची केबल लावून बघणे. कोड नंतर.

मग लिनक्सवर ईथटूल या कमांडला इंटरफेसचं (नेटवर्क पोर्टचं) नाव द्या आणि दोन याद्या शेजारी ठेवून वाचा: आपण काय जाहीर केलं, समोरच्याने काय. समोरची यादी रिकामी असेल तर तिकडे बहुधा कुणीतरी वेग हाताने पक्का करून ठेवलाय. इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. समोर १०० फुल पक्का असला, तर आपली चिप सिग्नलवरून वेग ओळखते, पण डुप्लेक्स तिला कळत नाही. नियमाप्रमाणे ती हाफ धरते. पिंग छान चालतो, मोठी फाइल मात्र रांगते. हाफ बाजूला उशिराच्या टकरी (पॅकेट बरंचसं पाठवून झाल्यावरच्या), फुल बाजूला सीआरसी चुका (पॅकेट खराब पोचल्याच्या) मोजल्या जातात. एकच टोक पक्कं करू नका. दोन्ही ऑटोवर ठेवा.

आता रजिस्टर, म्हणजे फाय चिपमधले क्रमांक दिलेले छोटे कप्पे. लिंकची स्थिती १ नंबरच्या रजिस्टरच्या २ नंबरच्या बिटात असते आणि ती शून्य धरून ठेवते: लिंक क्षणभर सुटली तरी वाचेपर्यंत शून्यच. आत्ताची स्थिती हवी तर दोनदा वाचा. मधली सुटका पकडायची असेल तर पहिलं वाचन फेकू नका, पाचव्या पोर्टची लबाडी त्यातच दिसली असती. बोलणी पूर्ण झाली का, ते बिट ५ सांगतं. रजिस्टर ४ आपलं म्हणणं, ५ समोरच्याचं. गिगाबिटसाठी ९ आणि १०.

स्विच आणि सीपीयू यांच्यामधल्या पोर्टवर बहुतेकदा बोलणी नसतातच. तिथे वेग आणि डुप्लेक्स डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) फिक्स्ड-लिंक, म्हणजे कायमची ठरलेली लिंक, म्हणून लिहा. आरजीएमआयआय (दोन चिपांना जोडणाऱ्या तारांची एक पद्धत) असेल तर क्लॉकचा सुमारे २ नॅनोसेकंदांचा विलंब प्रत्येक दिशेत एकाच ठिकाणी द्यायचा. दोन्हीकडून दिला किंवा कुणीच नाही दिला, तर लिंक वर दिसते आणि पॅकेट मात्र खराब होतात.

आणि जाहीर केलेली यादी बदललीत, तर रजिस्टर ० मधलं बिट ९ लावून बोलणी पुन्हा सुरू करा. नाहीतर समोरचा जुन्याच शब्दावर चालत राहतो.