लष्करी वास्तूला माजी सैनिकाचे नाव देताना

एखाद्या कर्तबगार सैनिकाचे नाव बराकीला, कवायत मैदानाला, प्रशिक्षण केंद्राला किंवा सबंध तळाला द्यावे, हा विचार बहुधा त्याच्या पलटणीतल्या सोबत्यांच्या बैठकीत निघतो आणि तेथे त्यावर लगेच एकमतही होते. ज्यांनी त्याला पाहिले आहे, त्यांना त्याची थोरवी पटवून द्यावी लागत नाही. मात्र ज्या अधिकाऱ्यापुढे हा प्रस्ताव जाणार असतो त्याने त्याला पाहिलेले नसते, आणि ज्या नवभरती जवानाला रोज त्या पाटीखालून जायचे असते त्याने तर ते नावही ऐकलेले नसते. प्रस्तावाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी हा जवान डोळ्यांसमोर आणावा. 'हे कोण होते?' असे त्याने विचारले, तर एका वाक्यात खरे आणि पुरेसे उत्तर देता आले पाहिजे.

नाव आणि वास्तू यांचे नाते

पहिला प्रश्न असा की, हेच नाव याच वास्तूला का? अरुणाचल प्रदेशातील किबिथू येथील लष्करी छावणीला सप्टेंबर 2022 मध्ये जनरल बिपिन रावत यांचे नाव देण्यात आले. कर्नल असताना त्यांनी त्याच भागात आपल्या बटालियनचे नेतृत्व केले होते, त्यामुळे ते नाव तेथे उपरे वाटत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील म्युरॉक या हवाई तळाचे नाव 1949 मध्ये बदलून एडवर्ड्स असे ठेवले गेले, कारण ग्लेन एडवर्ड्स हा चाचणी वैमानिक आदल्या वर्षी तेथेच विमान अपघातात मरण पावला होता, आणि नव्या विमानांच्या चाचण्या हेच त्या तळाचे मुख्य काम होते.

नाते जागेचेच असले पाहिजे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील ग्वाडालकॅनाल बेटावरील धावपट्टीला 1942 मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाचे वैमानिक मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचे नाव दिले गेले, ते त्याच वर्षी जूनमध्ये मिडवेच्या लढाईत आपल्या तुकडीचे नेतृत्व करताना पडले होते. त्या बेटाशी त्यांचा संबंध नव्हता, पण ती धावपट्टी त्यांच्याच मरीन वैमानिकांच्या हाती होती. नाते जागेचे असेल, कामाचे असेल किंवा पलटणीचे असेल, यांपैकी एक तरी स्पष्ट सांगता आले पाहिजे. ते सापडत नसेल तर नाव बदलण्यापेक्षा वास्तू बदलावी. ज्याने आयुष्यभर रणगाड्यांची दुरुस्ती शिकवली, त्याचे नाव सभागृहापेक्षा कार्यशाळेला अधिक शोभते, आणि कार्यशाळा आकाराने लहान असल्यामुळे त्याचा मान कमी होत नाही.

नोंदी तपासणे

सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा. सोबत्यांच्या आठवणी मोलाच्या असतात, पण त्या सांगता सांगता वाढत जातात, तारखा सरकतात आणि एकाचे कृत्य दुसऱ्याच्या नावावर पडते. नामसाधर्म्याने केवढा घोळ होऊ शकतो, याचे उदाहरण कारगिल युद्धाने दिले आहे. ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. पुढे लक्षात आले की ते रुग्णालयात उपचार घेत आहेत आणि वीरमरण आलेला जवान त्याच नावाचा दुसरा होता. म्हणून नावाबरोबर सैनिकी क्रमांक, पलटण, सेवेचा काळ आणि पदकाचे अधिकृत प्रशस्तिपत्र हे सारे मूळ कागदांवरून जुळवावे, आणि जे जुळत नाही ते कितीही हृद्य असले तरी प्रस्तावात घेऊ नये.

हुद्द्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु फलक लागल्यानंतर सर्वाधिक वाद त्यावरूनच होतात. बाना सिंग यांनी जून 1987 मध्ये सियाचेनमधील पाकिस्तानची कायद चौकी जिंकली तेव्हा ते नायब सुभेदार होते, आणि निवृत्त झाले ते मानद कॅप्टन म्हणून. अशा वेळी फलकावर कोणता हुद्दा घालायचा? माझ्या मते नावापुढे अखेरचा हुद्दा द्यावा आणि खालच्या मजकुरात पराक्रमाच्या वेळचा हुद्दा आवर्जून नोंदवावा, कारण जे शिखर सर करायला निघाले ते कॅप्टन नव्हते, हे नव्या जवानाला समजणे फार महत्त्वाचे आहे. त्या चौकीला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि तेथे हुद्द्याचा प्रश्नच आला नाही, नुसते 'बाना' एवढेच पुरले.

सेवाकाळातील शिस्तभंगाच्या नोंदी, खटले किंवा वादग्रस्त कारवाया असल्यास त्या आपणच आधी शोधाव्यात. त्या लपवून नेलेला प्रस्ताव मंजूर झाला तरी पुढे कधीतरी उघडा पडतो आणि मग अपमान होतो तो त्या सैनिकाचा.

कुटुंब, आणि व्यक्ती हयात असेल तर

कुटुंबाची लेखी संमती कोणत्याही जाहीर चर्चेपूर्वी घ्यावी. वृत्तपत्रातून बातमी कळलेल्या वीरपत्नीला नंतर सही मागणे ही सरळसरळ अवहेलना आहे. वारस एकाहून अधिक असतील तर सर्वांशी बोलावे, आणि नकार आला तर कारण न विचारता तो मान्य करावा.

हयात व्यक्तीचे नाव सहसा देऊ नये असा संकेत अनेक सैन्यांत आहे, आणि तो योग्यही आहे, कारण माणसाचे आयुष्य अजून चालू असते. तरीही भारतीय वायुसेनेने पानागढच्या तळाला मार्शल अर्जन सिंग यांचे नाव दिले ते 15 एप्रिल 2016 रोजी, त्यांच्या सत्त्याण्णवाव्या वाढदिवशी. जी कारकीर्द कित्येक दशकांपूर्वी पूर्ण झाली आहे आणि जिच्याविषयी दुमत उरलेले नाही, तिच्या बाबतीत मृत्यूची वाट पाहत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

प्रस्ताव आणि मंजुरी

वास्तू जितकी मोठी, तितका निर्णय वर जातो. वाचनालयाचा प्रश्न स्थानिक पातळीवर सुटू शकतो, सबंध तळाचा प्रश्न मंत्रालयापर्यंत पोहोचतो. म्हणून मंजुरीचा अधिकार कोणाचा आणि त्यासंबंधीचे चालू आदेश काय आहेत, हे आधी लेखी विचारून घ्यावे. प्रस्तावाचे मुख्य पत्र एका पानाचे असावे आणि पुरावे जोडपत्रात द्यावेत. वास्तूला आधीचे नाव असेल तर ते कोणी, केव्हा आणि का दिले हे शोधून त्याचा उल्लेख करावा. जुने नाव कोणाच्या तरी स्मृतीचे असेल, तर ते पुसून आपले लावण्यापेक्षा बिननावाची वास्तू शोधणे शहाणपणाचे ठरते.

नावे बदलणे किती नाजूक असते, हे अमेरिकी सैन्याने अलीकडेच अनुभवले. यादवी युद्धात संघराज्याविरुद्ध लढलेल्या सेनानींची नावे असलेल्या नऊ तळांना 2023 मध्ये नवी नावे मिळाली. त्यांत फोर्ट ली तळाला मिळालेल्या दोन नावांपैकी एक असलेले लेफ्टनंट जनरल आर्थर ग्रेग स्वतः त्या समारंभाला हजर होते. दोनच वर्षांनी जुनी आडनावे परत आणली गेली, मात्र या वेळी त्याच आडनावांच्या इतर सैनिकांच्या स्मृतीसाठी. फोर्ट ब्रॅग हे नाव आता दुसऱ्या महायुद्धातील रोलंड ब्रॅग या जवानाचे आहे. माणसापेक्षा आडनाव आधी निवडले गेले की त्या जवानाच्या पराक्रमाकडेही संशयाने पाहिले जाते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

फलक

फलकावर नाव, हुद्दा, पलटण, पदक, सेवाकाळ आणि कृत्याचे दोन-तीन वाक्यांचे वर्णन पुरते. उद्घाटकाचे नाव खाली, लहान अक्षरांत असावे. रंगवलेली पाटी उन्हापावसात फिकी पडते, पितळेला नियमित पॉलिश लागते. बाहेरच्या भिंतीसाठी कोरलेला ग्रॅनाइट बरा. कोरण्यापूर्वी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून ठरलेल्या जागी चिकटवावा आणि कुटुंबातील कोणाकडून तरी वाचून घ्यावा. एका दालनाच्या वेळी आम्ही असे केले, तेव्हा त्या सैनिकाच्या पत्नीने एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचले आणि सेवेच्या वर्षापाशी ते थांबले. 'हे चुकले,' एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही चार जणांनी तो मजकूर तपासला होता, आणि तरी एक आकडा चुकीचा राहिला होता. कागद काढून दुसरा लावायला दहा मिनिटे लागली.