‘पुसा चिकनी’ म्हणजे घोसाळे: भाज्यांच्या वाणांची नावे वाचण्याची आणि जपण्याची रीत

काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर मी बेळगावच्या बाजारात एका कन्नडभाषक बियाणेवाल्याकडे चवळीचे बी मागितले, आणि महिनाभरात परड्यात गवार डोलू लागली. त्यात त्याची लबाडी काहीच नव्हती, कारण उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये गवारीलाच ‘चवळीकाई’ म्हणतात आणि त्याने मागितलेलीच वस्तू दिली होती. चूक माझी होती. चवळीचा दाणा टपोरा असतो, गवारीचा बारीक आणि करडा. पुडी उघडून तळहातावर चार दाणे घेतले असते, तरी घोटाळा तिथेच मिटला असता.

म्हणून सीमाभागात बी घेताना पहिली सवय ही लावावी की नावावर विसंबण्याआधी दाणा पाहावा, फुलाचा रंग आणि फळाचा आकार विचारावा, आणि वहीत त्या भाजीची मराठी व कन्नड अशी दोन्ही नावे लिहावीत. ‘मुळगाई’ हे नाव ऐकून मराठी माणसाला मुळा आठवतो, पण ते वांगे आहे. कन्नडमध्ये ‘मुळ्ळु’ म्हणजे काटा, आणि देठाला काटे असलेल्या फळाला हे नाव साजेसेच आहे. दोडक्याला ‘हिरेकाई’ म्हणतात, तर घोसाळ्याला ‘तुप्पद हिरेकाई’, म्हणजे शब्दशः तुपाचा दोडका. घोसाळ्याची मऊ, गुळगुळीत साल ज्याने हाताळली आहे, त्याला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काकडीच्या ‘सवतेकाई’ या नावात मराठी कानाला सवत ऐकू येते, पण तो केवळ आपल्या कानाचा खेळ आहे.

छापील पाकिटावरील नाव वाचताना त्याचे दोन तुकडे करावेत. पहिला तुकडा बहुधा संस्थेची ओळख सांगतो, दुसरा वाणाचा गुण. ‘पुसा’ हे बिहारमधील गाव आहे. तेथे १९०५ साली कृषी संशोधन संस्था सुरू झाली, १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर ती १९३६ मध्ये दिल्लीला हलली, पण वाणांच्या नावांत गाव तसेच राहिले. मराठी वाचकाला ‘पुसा’ म्हणजे फडके घेऊन काहीतरी पुसण्याची आज्ञा वाटते, आणि पुढे ‘चिकनी’ आले की चेहऱ्यावर हसू उमटतेच. प्रत्यक्षात ‘पुसा चिकनी’ हे गुळगुळीत सालीचे घोसाळे आहे आणि ‘पुसा नसदार’ हा शिरांचा दोडका आहे. ‘पुसा दो मौसमी’ हे दोन हंगामांत घेता येणारे कारले, म्हणजे नावातच लागवडीचे वेळापत्रक आले. त्याचप्रमाणे ‘अर्का’ हे बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील फलोत्पादन संशोधन संस्थेच्या वाणांचे उपनाव, तर ‘फुले’ हे राहुरीच्या विद्यापीठाचे.

माझ्या मते या सगळ्यांत गमतीदार नाव ‘अर्का अनामिका’ या भेंडीचे आहे, कारण अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. निनावी असणे हेच जिचे नाव, अशी ही एकमेव भाजी मला माहीत आहे. अनामिका हे करंगळीशेजारच्या बोटाचेही नाव आहे आणि भेंडीला बोटाची उपमा द्यायला हरकत नसावी, पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते याचा तर्क करीत बसण्यापेक्षा गुण पाहावा. शिरा पिवळ्या पडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी भेंडी म्हणून हिची शिफारस झाली होती. तिच्याआधीची ‘पुसा सावनी’ही त्याच गुणामुळे घरोघर पोहोचली होती, परंतु पुढे ती त्या रोगाला बळी पडू लागली. नाव टिकते आणि गुण ओसरतो, म्हणून वहीत वाणाच्या नावापुढे बी घेतल्याचे वर्ष अवश्य लिहावे.

गावठी नावे अधिक मोकळी असतात आणि ती अधिक सावधपणे वाचावी लागतात. ब्याडगी मिरचीचे दोन प्रकार पाहा: ‘कड्डी’ म्हणजे काडीसारखी लांब व सुरकुतलेली, ‘डब्बी’ म्हणजे डबीसारखी आखूड आणि फुगीर. ज्याने ही नावे ठेवली, त्याने वर्णनाचे पानभर काम दोन अक्षरांत केले. मात्र ‘जवारी’, म्हणजे गावठी, हा शब्द नाव नसून दावा आहे. आपल्याकडे काकडी, वांगे, मिरची आणि कोंबडीसुद्धा जवारी असते. त्यामुळे ‘जवारी आहे’ एवढ्यावर समाधान न मानता बी कोणत्या गावचे, किती वर्षे घरी धरलेले, हे दोन प्रश्न विचारावेत. ज्याने स्वतः बी धरले आहे तो सविस्तर सांगू लागतो आणि बाकीचे विषय बदलतात.

नावामागची गोष्ट जमेल तेव्हा त्याच पानावर टिपून ठेवावी. अमेरिकेत ‘मॉर्गेज लिफ्टर’ म्हणजे गहाण सोडवणारा, या नावाचा टोमॅटो आहे. वेस्ट व्हर्जिनियातील एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने त्याची रोपे एका डॉलरला एक अशी विकून घरावरचे कर्ज फेडले, असे सांगतात. तिथेच ‘लेझी हाउसवाइफ’, म्हणजे आळशी गृहिणी, नावाचा घेवडा आहे, कारण त्याच्या शेंगांच्या शिरा काढाव्या लागत नाहीत. शिराच नसतील तर त्या न काढणारी बाई आळशी कशी, हा प्रश्न नाव ठेवणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

नाव जपायचे तर बीही त्याच नावाचे राहिले पाहिजे. पाकिटावर ‘एफ-१’ किंवा संकरित असे लिहिले असेल, तर त्याचे बी धरून तेच नाव पुढे चालवू नये, कारण पुढची पिढी एकसारखी येत नाही. टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि चवळी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे त्यांत फारशी भेसळ होत नाही; वांगे, मिरची आणि भेंडी यांत कीटक थोडीफार भेसळ करतात; वेलभाज्या मात्र मधमाश्यांच्या हवाली केल्या तर कोणाचे पराग कोठे जातील याचा नेम नसतो. दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून त्याच दुपारी, तळाशी इवलासा दोडका असलेली मादी कळी आणि एक नर कळी वेगवेगळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात, उमलण्याच्या वेळी नर फुलाचे पराग मादी फुलाला लावावेत, ते फूल पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेची चिंधी अडकवावी. ते फळ वेलावरच वाळू द्यावे व हलवल्यावर खुळखुळू लागले की काढावे.

बियांच्या पुडीत नावाची चिठ्ठी घालावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओलीने पसरते आणि उन्हात उडते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. दुसरी चिठ्ठी डब्यावर चिकटवावी. पाऊस संपल्यावर बी चांगले वाळवून, थोडी राख मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

तुमच्या घरच्या वाणाला स्वतःचे नाव नसेल, तर ते खुशाल ठेवावे. फक्त त्यात वाणाची एखादी खूण असावी. वाण सरकारदरबारी नोंदवायचा असेल तर गोष्ट वेगळी, कारण २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार नुसत्या आकड्यांचे, गावाचे, धार्मिक भावना दुखावणारे किंवा दिशाभूल करणारे नाव साधारणपणे चालत नाही. त्या चुकीच्या गवारीचे बी मी दरवर्षी धरतो आणि तिच्या डब्यावर घरच्या मंडळींनी पेन्सिलीने ‘फसवी चवळी’ असे लिहून ठेवले आहे, तेव्हा हे नाव नोंदणीसाठी पाठवण्याचा विचार मी सोडून दिला आहे.