बॅटरी फुगण्याआधी: मोबाईल, चार्जर आणि पॉवर बँक कशी जपावी

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा दिला आणि लोक फोनचं झाकण काढून बॅटरीवरचा नंबर तपासू लागले. मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंग करताना शॉर्ट होऊन तापण्याची शक्यता होती. आता तसं झाकणही उघडत नाही, बॅटरी आत चिकटवलेली असते. त्यामुळे आपल्या हातात उरतं ते बाहेरचं: चार्जर, केबल आणि उष्णता.

सुरुवात चार्जरपासून

अडॅप्टर दोन कामं करतो. भिंतीतल्या २३० व्होल्टचे ५ किंवा ९ व्होल्ट करतो आणि भिंतीतली वीज केबलपर्यंत पोचू देत नाही. स्टॉलवरच्या शंभर रुपयांच्या अडॅप्टरमध्ये बचत केलेली असते ती बहुधा या दुसऱ्या कामात. चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलताना शॉक बसतो, त्यात दोष फोनपेक्षा अशा अडॅप्टरचा असण्याची शक्यता जास्त.

विकत घेताना अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर अडॅप्टर परत करा. छापील चिन्हाची नक्कल सोपी असते, म्हणून हा दोन मिनिटांचा खटाटोप.

जास्त वॉटच्या चार्जरला मात्र घाबरू नका. चांगला ६५ वॉटचा चार्जर साध्या फोनला तो मागेल तेवढीच वीज देतो. केबलचं आवरण फाटलं किंवा पिनेजवळ काळपट डाग दिसला की चिकटपट्टी न लावता ती बदला.

मग जागा ठरवा

चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गादीवर किंवा पांघरुणात नको. कोमट लागला तर ठीक. हातात धरवत नसेल तर प्लग काढा, कव्हर काढा, निवू द्या. लवकर निवावा म्हणून फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं.

पावसात भिजलेल्या फोनच्या चार्जिंग पोर्टात पाणी असेल तर पूर्ण वाळेपर्यंत पिन लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही नको, पोर्टात पीठ आणि कण अडकतात. तोंड खाली करून हलकेच झटका आणि वारा लागेल अशा जागी ठेवा.

पॉवर बँक

विमानप्रवासात ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवायची. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. हिशोब असा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे ७४. हे चालतं. ३०,००० ची १११ होते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

बॅटरी फुगली तर

स्क्रीनची कडा उचललेली दिसते, मागचं पॅनल सुटतं किंवा टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. ‘अजून चालतोय की’ म्हणून वापरत राहणं हीच सर्वांत मोठी चूक. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा. दाबून सपाट करू नका, टाचणी तर मुळीच टोचू नका. पडदे-कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि लवकरात लवकर अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. कुरियरने पाठवू नका.

धूर निघू लागला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच पाणी, आणि भरपूर पाणी. ज्वाळा विझल्या तरी बॅटरी आत तापलेली असते आणि पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून ती गार होईपर्यंत पाणी लागतं. धूर विषारी असतो. खोली भरू लागली तर बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

जुनी बॅटरी

ओल्या-सुक्या कोणत्याच डब्यात नको. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि तिथे पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा केंद्रावर द्या. सुटी बॅटरी असेल तर देण्याआधी तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.