छोट्या केबिनसाठी लाकडाचा स्टोव्ह घेताना

टोरांटोत थोडे स्थिरावलो की आपल्यातली बरीच मंडळी हॅलिबर्टन किंवा बॅन्क्रॉफ्टकडे झाडीत एखादी केबिन बघायला लागतात. जरूर बघा. पण जुलैत आवडलेली केबिन जानेवारीत उणे 25 मध्ये राहण्याजोगी करायची तर स्टोव्हचा विचार आधी करावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मोठा स्टोव्ह घेऊ नका. थंडीच्या धास्तीने नवीन माणूस हमखास मोठाच निवडतो. मग चार-पाचशे चौरस फुटांत अर्ध्या तासात जीव नकोसा होतो आणि हवेची झडप लावून आग दडपावी लागते. दडपलेली आग धुमसते, धूर पुरता जळत नाही आणि वर थंड धुराड्यात डांबरासारखा चिकट थर धरतो. हेच क्रिओसोट. एखाद्या दिवशी आग जोरात पेटली की हा थरच पेट घेतो आणि लाकडी केबिनला त्यातून वाचवणं कठीण असतं. भिंती आणि छतात इन्सुलेशन ठीक असेल तर आतली जागा एक-दीड घनफूट असलेला स्टोव्ह अशा केबिनला पुरतो. तो मोकळ्या हवेवर भडकून जळू द्यायचा. बऱ्याच नव्या स्टोव्हमध्ये वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून येणाऱ्या गरम हवेत धूरच पुन्हा पेटतो. त्या ज्वाळा काचेतून स्पष्ट दिसतात आणि काचही स्वच्छ राहते. काच काळी पडू लागली तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे असं समजा.

छोट्या स्टोव्हची अडचणही सांगते. तो रात्रभर टिकत नाही, पहाटे उठून लाकूड घालावंच लागतं. विजेचा बेसबोर्ड हीटर सोबत ठेवा, नाहीतर नळ गोठतील. शिवाय बाजारात सरपण साधारण 16 इंची मिळतं आणि काही छोट्या स्टोव्हमध्ये ते मावत नाही. घेण्याआधी लांबी विचारा.

ओतीव लोखंड, पोलादी पत्रा की सोपस्टोन (ऊब धरणारा मऊ दगड), यात फार अडकू नका. शनिवार-रविवारपुरतं जाणार असाल तर पोलादी घ्या, तो लवकर तापतो. सोपस्टोन तापायला वेळ घेतो पण ऊब धरून ठेवतो, तो कायम राहणाऱ्यांसाठी.

जुना स्टोव्ह स्वस्तात मिळाला म्हणून हुरळू नका. मागची प्रमाणपत्राची पट्टी आधी बघा. पट्टी नसेल तर लाकडी भिंतीपासून सर्वसाधारणपणे 48 इंच अंतर सोडावं लागतं, म्हणजे छोट्या खोलीचा मधला भागच गेला. प्रमाणित स्टोव्हला त्याच्या पट्टीवर लिहिलेलं अंतर चालतं आणि ते पुष्कळ कमी असतं. पट्टीवर अमेरिकेच्या ईपीएचा (पर्यावरण संरक्षण संस्थेचा) 2020 चा निकष असेल तर उत्तम: ताशी 2 ग्रॅम सूक्ष्मकण, किंवा फोडलेल्या लाकडावर चाचणी केली असेल तर 2.5. बसवायला नगरपालिकेचा परवाना काढा आणि विमा कंपनीला आधीच विचारा. त्या बहुधा ‘वेट’ (WETT, लाकडी स्टोव्ह आणि धुराड्यांच्या कामाचं प्रशिक्षण) प्रमाणपत्र असलेल्या तपासनिसाचा अहवाल मागतात.

धुराड्यात पैसे वाचवू नका. त्याचा खर्च स्टोव्हइतका किंवा जास्तही होतो. ते छताबाहेर किमान 3 फूट आणि 10 फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा 2 फूट उंच हवं. बाहेरच्या भिंतीला लावण्यापेक्षा घरातून सरळ वर न्या. ऊबदार धुराडं चांगलं ओढतं, थंड धुराडं खोलीत धूर सोडतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवसापासून हवाच. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून केबिनपासून लांब ठेवा, कारण तिच्यातले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

आता सरपण. पावसाळ्यात ओल्या लाकडाने चूल कशी धुपते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला मीटर लावा, बाहेरून मोजलं तर फसाल. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो, ओल्याचा बद्द. मेपल फोडून रचल्यावर निदान वर्षभर लागतं, ओकला दोन. ऑक्टोबरमध्ये ‘वाळलेलं आहे’ म्हणून विकणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही. वसंतातच घ्या, खाली फळ्या टाकून उन्हावाऱ्यात रचा आणि फक्त वरून झाका. भाव ठरवताना बुश कॉर्ड की फेस कॉर्ड ते विचारा. बुश कॉर्ड म्हणजे 4 बाय 4 बाय 8 फूट, 128 घनफूट. 16 इंची लाकडाचा फेस कॉर्ड त्याच्या एक तृतीयांश. आणि सरपण केबिनच्या आसपासचंच घ्या, शहरातून गाडीत घालून नेऊ नका. ॲशची झाडं मारणारी हिरवी कीड अशाच लाकडातून पसरते.