बेल वाजली की कुत्रा भुंकतो? बेल रेकॉर्ड करा

दाराची बेल वाजली की आमची लॅब्रेडॉर घर डोक्यावर घ्यायची. ओरडून गप्प करायला जावं तर आणखीच चेव. आपणही सोबत भुंकतोय असंच तिला वाटत असावं. शेवटी हे जमलं:

१. आपल्याच घराची बेल मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुसरी कुठली नको, आवाज तोच हवा.

२. कुत्रं निवांत असताना ती अगदी हळू आवाजात वाजवा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या चटईवर टाका. आधी आवाज, मग खाऊ. क्रम उलटा झाला तर मेहनत वाया. एका वेळी ५-६ वेळा पुरे.

३. भुंकत नसेल तरच २-३ दिवसांनी आवाज थोडा वाढवा. भुंकलं तर पुन्हा कमी.

४. मग घरातल्या कुणाला तरी खरी बेल वाजवायला बाहेर पाठवा.

आम्हाला तीन आठवडे लागले. आता बेल वाजली की बाईसाहेब थेट चटईवर. कुरिअरवाल्यावरचा राग मात्र अजून तसाच आहे.

खाऊ म्हणून द्राक्षं, मनुका किंवा चॉकलेट चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी असतं. चिकनही कांदा-लसूण न घालता उकडलेलं.